‘नटसम्राट’वरचे सगळे अभिप्राय एकाच साच्याचे येतात. पात्र, संघर्ष, आशय यांवर विद्यार्थ्यांना स्वतःचं लिहितं कसं करायचं? (चर्चागटातला धागा; ‘चौथा तास’, ‘पडद्यामागे’ वगैरे ही सदस्यांची टोपणनावं.)

चौथा तास:

नमस्कार मंडळी.

प्रथम वर्ष कला, मराठी ऐच्छिक. पटावर ६४, प्रत्यक्ष समोर ४०-४५. नेमलेली संहिता शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ हे नाटक. ५० मिनिटांचे साधारण १४ तास या नाटकाला मिळतात आणि अंतर्गत गुणांतले २० गुण वाचनाच्या लेखी अभिप्रायाला आहेत.

अभिप्राय म्हणून जे हाती येतं ते ठरलेलं असतं. एक प्रकार विशेषणांचा: अप्पासाहेब (नाटकातले निवृत्त नट) स्वाभिमानी, प्रेमळ, भावनाप्रधान, कलेशी एकनिष्ठ, कावेरी (त्यांची पत्नी) सोशिक, पतिव्रता, शारदा (सून) कजाग. दुसरा प्रकार म्हणजे पहिल्या अंकापासून शेवटापर्यंत गोष्ट सांगून टाकणं. तिसरा उपदेशाचा: आजच्या पिढीने आईवडिलांना अंतर देऊ नये, आणि खाली ‘समोरचं ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये’. संघर्ष विचारला की ‘अप्पा विरुद्ध मुलं’, एवढ्यावर काम भागतं. आणि आता चौथा प्रकार आलाय, मोबाइलवरून उतरवलेलं गुळगुळीत उत्तर. त्यात चूक सापडत नाही आणि नाटकही सापडत नाही.

विचारायचं आहे ते असं: प्रश्न कसे घालावेत, तासाला नेमकं काय करून घ्यावं आणि ‘मला असं वाटलं’ याला गुण कशाच्या आधारावर द्यावेत? गाईड बंद करा, मोबाइल काढून घ्या, हे सल्ले कृपया नकोत. ते होणारं नाही.

पडद्यामागे:

सुरुवात प्रश्नापासून करा. ‘अप्पासाहेबांचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न विशेषणंच मागतो, म्हणून विशेषणं मिळतात. विद्यार्थी आज्ञाधारक आहेत, एवढाच त्याचा अर्थ. नाटकातलं पात्र कळतं ते अडचणीच्या वेळी ते काय निवडतं यावरून, आणि ती निवड संहितेत एका ठरावीक जागी असते. त्यामुळे प्रश्नात ती जागा आली पाहिजे, त्या वेळी दुसरं काय करता आलं असतं हे आलं पाहिजे, आणि ‘कशावरून?’ हे तर आलंच पाहिजे. नमुने देतो:

– सगळं मुलांमध्ये वाटून टाकल्यावर अप्पांकडे काय उरतं? ते त्यांना त्या घडीला कळलेलं असतं का? कशावरून?

– ठमीवरून (शारदेच्या मुलीवरून) शारदा जी तक्रार करते ती कुठवर रास्त आहे? कोणत्या वाक्यापासून ती रास्त राहत नाही? त्या वाक्याखाली रेघ मारा.

– अप्पा बोलत असताना कावेरी गप्प राहते, अशी एक जागा शोधा. तिला तिथे काय म्हणायचं असेल, हे दोन वाक्यांत लिहा. तसंच का वाटलं, ते तिसऱ्यात.

– अप्पांचा मुलगा नंदा बायको आणि वडील यांच्यामध्ये उभा आहे. एखाद्या वादात तो जे बोलतो, त्याऐवजी काय बोलला असता तर वाद थांबला असता? थांबला असता का?

– अप्पा घर सोडतात की त्यांना घराबाहेर काढलं जातं?

शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. वर्गातले बहुतेक जण ‘मुलांनी हाकललं’ असं ठोकून देतात. संहिता उघडायला लावली की अडखळतात, कारण तिथे अपमान आहे, आळ आहे, पण पाऊल अप्पांनी स्वतः उचललेलं आहे. मग ‘राहणं अशक्य करणं’ म्हणजे काढणंच का, असा वाद सुरू होतो. तो मिटवू नका. अभिप्रायाचं बी तिथेच पडतं.

आता तास. एका तासाला एकच प्रसंग, छापील दोन-तीन पानांचा. त्याहून जास्त घेतला की परत कथा सांगणं सुरू.

पहिली ८ मिनिटं प्रकट वाचन, पात्रं वाटून देऊन. पुढची ४ मिनिटं शांतता. प्रत्येकाने जिथे अडखळलो, चिडलो किंवा पटलं नाही अशा दोन जागांवर पेन्सिलीने खूण करायची. मग ६ मिनिटं लिखाण, फक्त तीन वाक्यं: काय खटकलं, कुठे, का. त्यानंतर १५ मिनिटं चार-चारच्या गटात बोलणं, १२ मिनिटं सगळ्या वर्गासमोर, आणि उरलेल्या ५ मिनिटांत आपलीच तीन वाक्यं पुन्हा लिहायची. मत बदललं असेल तर काय ऐकून बदललं, तेही. पहिली वाक्यं खोडायची नाहीत, खाली नवी लिहायची.

हे कुठे फसतं? एक, आधी चर्चा आणि मग लिखाण असा क्रम लावला तर पुढच्या बाकावरच्या दोन बोलक्या मुलांचं मत चाळीस वह्यांत उतरतं. लिखाण आधी, बोलणं नंतर. यात तडजोड नाही. दोन, वाचन दर वेळी त्याच चांगल्या आवाजाच्या मुलाला मिळतं. त्याहून वाईट म्हणजे सर स्वतः हातवारे करत स्वगत म्हणतात. मग मुलांचा अभिप्राय सरांच्या आवाजावर येतो, संहितेवर येत नाही. ‘नटसम्राट’च्या बाबतीत हा मोह फार होतो, जरा आवरा. तीन, रंगसूचना वगळल्या जातात. कंसातल्या ओळी वाचायला एक स्वतंत्र मुलगा किंवा मुलगी नेमा. पात्र काय बोलतं आणि त्याच वेळी काय करतं, यातली तफावत तिथेच पकडता येते.

उत्तरपत्रिका:

वरच्या प्रश्नांशी सहमत. मी गुणांबद्दल लिहिते, कारण गुणांची फोड बदलली नाही तर प्रश्न बदलून उपयोग नाही.

२० गुणांचा एकच लांबलचक अभिप्राय घेऊ नका. १० गुणांचे दोन, एक पात्रावर आणि एक संघर्षावर. शब्दमर्यादा २००, आणि तिच्या वरचं वाचलं जाणार नाही हे आधीच जाहीर करा. दहाची फोड अशी करता येते:

विधान (२): विद्यार्थ्याने एक वाद घालता येईल असं वाक्य केलं आहे का? ‘अप्पा स्वाभिमानी आहेत’ यावर कोण वाद घालणार? त्याला शून्य. ‘अप्पांचा स्वाभिमान प्रेक्षक समोर असतानाच टिकतो’ याला दोन.

जागा (३): प्रसंग, कोणाचं वाक्य, पान क्रमांक. जागा मोघम असेल तर एक.

जोड (३): ती जागा त्या विधानाला कशी आधार देते, हे सांगितलं आहे का? सगळ्यांत जास्त गुण इथेच जातात. मुलं विधान करतात, उतारा देतात आणि पुढे निघून जातात. मधला ‘म्हणजे’ गायब असतो.

उलट बाजू (२): आपल्या विधानाच्या विरोधात जाणारी एक तरी जागा दाखवली आहे का?

शुद्धलेखनाला यात गुण नाहीत. ते हवे असतील तर वेगळे ठेवा. इथे मिसळले की नीट अक्षरातलं पोकळ उत्तर पुढे जातं.

नमुने दिल्याशिवाय ही फोड मुलांना कळत नाही. पहिल्याच तासाला तीन उत्तरं फळ्यावर लावा आणि त्यांनाच तपासायला सांगा. घर मागण्याच्या स्वगतावरचे हे घ्या:

पहिलं. ‘या स्वगतातून अप्पासाहेबांची अगतिकता दिसून येते. एकेकाळी रंगभूमी गाजवणाऱ्या नटावर ही वेळ यावी हे मन हेलावून टाकणारे आहे.’ — दहापैकी १. कुठल्याही रडवणाऱ्या प्रसंगाखाली चिकटेल.

दुसरं. ‘अप्पा घर मागतात, पण ते मुलांकडे मागत नाहीत, समोर जो कोणी असेल त्याच्याकडे मागतात. म्हणजे त्यांचा मुलांवरचा विश्वास संपला आहे.’ — ५ ते ६. निरीक्षण चांगलं आहे, निष्कर्षाची घाई झाली आहे. मुलांकडे मागत नाहीत याची इतर कारणं असू शकतात, आणि तो अभिमानही असेल.

तिसरं. ‘घर मागताना अप्पा स्वतःला तुफान म्हणवतात. मागणाऱ्याने लहान व्हायचं असतं, इथे मागणारा स्वतःला मोठा करतो. तुफान घरात मावत नाही, मग हे घर मिळालं तरी ते त्यात राहतील का? नंदाच्या आणि नलूच्या घरी हेच झालं असावं असं मला वाटतं. पण याच स्वगतात ते थकल्याचंही सांगतात, त्यामुळे हा नुसता ताठा नाही.’ — ९. भाषा साधी आहे, एकही भारदस्त शब्द नाही, तरी नाटक उघडलं. पान क्रमांक राहिला म्हणून एक गुण कमी.

मुलांनी स्वतः तपासलं की पहिलं उत्तर सर्वांत ‘साहित्यिक’ वाटूनही सर्वांत रिकामं का, ते त्यांच्या तोंडून येतं. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला किती, यावर ते भांडतील. भांडू द्या.

मोबाइलच्या उत्तरांबद्दल: पकडापकडीचा खेळ खेळू नका, हरायला होतं. पहिलं लेखन वर्गातच, कागदावर, सहा मिनिटांत होत असेल तर घरून आलेला पक्का अभिप्राय त्या कागदासोबत टाचून घ्यायचा. दोन्हींत नातं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर दोन मिनिटं तोंडी विचारा: ही जागा दाखवा, त्याच्या आधी काय घडतं? लिहिणाऱ्याला सांगता येतं. तोंडीचे गुण वेगळे नकोत; फक्त ‘जागा’ या रकान्यातले तीन गुण तिथे ठरतात.

तिसरी घंटा:

एक गोष्ट सुटली आहे, सिनेमा. १ जानेवारी २०१६ ला आलेला चित्रपट मुलांनी पाहिलेला असतो, निदान त्याचे तुकडे मोबाइलवर पाहिलेले असतातच. उत्तरात रामभाऊ आला, मुलाचं नाव मकरंद झालं, मुलगी विद्या झाली, की समजायचं संहिता उघडलेली नाही. नाटकात मुलगा-सून नंदा-शारदा आणि मुलगी-जावई नलिनी (नलू)-सुधाकर आहेत, रामभाऊ हा मित्र नाहीच. चूक म्हणून लाल रेघ मारण्याऐवजी तिचाच प्रश्न करा: चित्रपटाला रामभाऊची गरज का पडली? नाटकात अप्पा जे स्वगतातून प्रेक्षकांना सांगतात, ते पडद्यावर कोणाला तरी सांगावं लागतं. हे कळलं की स्वगत म्हणजे काय, हेही वेगळं शिकवावं लागत नाही.

मात्र चित्रपट आधी दाखवू नका. आवाज, चेहरा, पार्श्वसंगीत डोक्यात बसलं की संहितेतलं अप्पांचं प्रत्येक वाक्य त्याच सुरात वाचलं जातं आणि विनोद तर कोणाला दिसतच नाही. हे नाटक बऱ्याच ठिकाणी हसवतं, अप्पा आणि त्यांचं ‘सरकार’ (कावेरीला ते याच नावाने हाक मारतात) यांच्यातले संवाद बघा. आधी संहिता. दहाव्या-बाराव्या तासाला एकच स्वगत, दोन वेगवेगळ्या नटांनी केलेलं, लागोपाठ ऐकवा. १९७० साली गोवा हिंदू असोसिएशनने हे नाटक आणलं तेव्हा डॉ. श्रीराम लागू होते, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही अप्पा उभे केले. कोणतंही ध्वनिमुद्रण मिळालं तरी चालेल, दोन वेगळी हवीत एवढंच. प्रश्न: कोणत्या शब्दावर कोण थांबला? त्या थांबण्याने अप्पा जास्त खचलेले वाटले की जास्त चिडलेले?

पडद्यामागे:

@तिसरी घंटा, चित्रपट आधी नको हे बरोबर. पण ज्या वर्गात निम्म्या मुलांनी एकही नाटक रंगमंचावर पाहिलेलं नाही, तिथे सलग दहा तास नुसती संहिता जड जाते. वर्गातच बाकं सरकवून एक प्रसंग उभा केला तरी भागतं. अभिनय नको, फक्त कोण कुठे उभं आहे ते. शारदा बोलत असताना अप्पा तिच्याकडे तोंड करून आहेत की पाठ, हे ठरवताना मुलं आपोआप संहिता चाळू लागतात.

गावकूस:

संघर्षावर अजून कोणी नीट लिहिलेलं दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

‘कोण विरुद्ध कोण’ असं विचारलं की मुलं खलनायक शोधतात, आणि या नाटकात ती शारदेला पकडतात. मग तिला न्याय मिळत नाही आणि अप्पाही पुतळा होऊन बसतात. त्याऐवजी प्रत्येक पात्रासाठी चार रकाने आखून द्या: याला काय हवं आहे, आड काय येतं, त्यासाठी तो काय करतो, ते करताना काय गमावतो. चार जणांच्या गटाला दोन पात्रं, २० मिनिटं पुरतात. नियम एकच, ‘आड काय येतं’ या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नाही. ‘शारदा’ असं लिहिता येणार नाही, शारदेचं काय आड येतं ते लिहावं लागेल.

हा नियम पाळला की रकान्यात साधारण असं उतरतं. शारदेला हवी आहे घराची शिस्त आणि मुलीचं वळण; आड येतो सासऱ्यांचा मोकळाढाकळा स्वभाव आणि नातीचा आजोबांकडे असलेला ओढा. कावेरीला हवा आहे नवऱ्याचा मान; तो राखायला ती घरातलं बरंच काही स्वतः गिळते, आणि गमावते ते स्वतःचं बोलणं. अप्पांचा रकाना भरताना गट अडकतो. त्यांना घर हवं आहे? मुलांचं प्रेम हवं आहे? की टाळ्या हव्या आहेत? अडकले की उत्तर सांगू नका, नाटकाची सुरुवात पुन्हा वाचायला सांगा. सत्काराचा प्रसंग, समोर प्रेक्षक, आणि रंगभूमीवरून निवृत्त होणारा नट. जो माणूस आयुष्यभर रोज रात्री सीझर, ऑथेल्लो, हॅम्लेट होता, तो आता फक्त कोणाचा तरी सासरा आणि आजोबा आहे. मुलांशी होणारा झगडा हा त्याचा एक भाग झाला. मूळ झगडा नट आणि माणूस यांच्यातला, एकाच देहातला. हे वाक्य मात्र विद्यार्थ्यांना लिहून देऊ नका. दिलंत तर पुढच्या वर्षी तेच गाईडमध्ये सापडेल.

आणखी एक जागा भाषेची. अप्पांची वाक्यं लांब, लयीची, पल्लेदार. घरातल्या इतरांची तुटक आणि व्यवहाराची. एकाच पानावरची अप्पांची पाच वाक्यं आणि शारदेची पाच वाक्यं शेजारी-शेजारी लिहून शब्द मोजायला सांगा. एका छपराखाली दोन भाषा नांदत नाहीत, हे आकड्यांतून दिसतं. हे काम सगळ्यांत कमी बोलणारी मुलंही आवडीने करतात, कारण त्यात ‘मत’ मांडायचं नसतं आणि तरी शेवटी मत तयार होतं.

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी तुलना करायला लावत असाल तर सांभाळून. साम्य-भेदांची यादी येते आणि विषय संपतो. एकच भेद द्या: लिअरला कॉर्डेलिया ही खरं प्रेम करणारी लेक आहे, अप्पांना तशी लेक नाही. मग शेवटी आसरा कोण देतं? बूटपॉलिश करणारा राजा, ज्याचं अप्पांशी कसलंच नातं नाही. कॉर्डेलियाच्या जागी नात्याबाहेरचा पोरगा आल्याने नाटकाचा अर्थ कुठे सरकतो, यावर २०० शब्द. कोणीतरी हुशार विद्यार्थी ‘सम्राटाला राजा आसरा देतो’ हे नावातलं गंमतशीर पकडेल, त्याला शाबासकी द्या. पण तेवढ्यावर थांबू देऊ नका.

जाता जाता: खलनायक नसलेला संघर्ष मुलांना पचत नसेल तर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीचा शेवटचा भाग वाचून दाखवा. दुष्काळ कोणाचा शत्रू नसतो आणि तरी अख्खं गाव रिकामं होतं.

मागचा बाक:

मी शिकवणाऱ्यांतली नाही, अभिप्राय लिहिणाऱ्यांतली आहे. म्हणून उलट बाजूने चार मुद्दे.

विशेषणं लिहिली जातात कारण विद्यापीठाच्या पेपरात १५ गुणांच्या उत्तराला तीन पानं भरावी लागतात अशी समजूत आहे, आणि विशेषणं पानं भरतात. अंतर्गत अभिप्रायाला वेगळे नियम आहेत हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं तर लिहिणारे लिहितात. नाहीतर कोणी धोका पत्करत नाही.

‘तुमच्या शब्दांत लिहा’ याचा अर्थ वर्गात ‘गाईडमधले शब्द थोडे बदलून लिहा’ असा लावला जातो. त्याऐवजी ‘घरी बोलता तसं लिहा’ असं म्हणा. वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोल्हापुरी बोलणाऱ्यांना पहिल्या कच्च्या लिखाणात बोली चालेल, असं सांगून टाका. प्रमाण भाषेची धास्ती असली की माणूस सुरक्षित वाक्यांकडे वळतो, आणि सुरक्षित वाक्यं सगळ्यांची सारखीच असतात. पक्कं लिहिताना भाषा सुधारता येते, मत नंतर आणता येत नाही.

राग आणि कंटाळा चालतो का, हेही सांगा. ‘अप्पांचा राग आला, सगळं वाटून टाकायला कोणी सांगितलं होतं?’ असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते लिहिलं तर संस्कार काढले जातील ही भीती असते. पाठ्यपुस्तकातल्या थोर माणसाविरुद्ध लिहायची सवय शाळेत लागत नाही.

आणि चर्चेचा गट चारचाच ठेवा. सहाचा केला की दोघं मोबाइल बघतात.

चौथा तास:

सगळ्यांचे मनापासून आभार. गुणांची फोड आणि चार रकाने लगेच वापरता येतील. तीन शंका उरल्या आहेत.

एक, ‘उत्तर मोकळं आहे’ असं म्हटलं की काहीही आलं तरी चालतं का? उदाहरणार्थ कोणी लिहिलं, ‘शारदाच पूर्णपणे बरोबर आहे’. दोन, हा विषय घरापर्यंत जातो. वर्गात काहींच्या घरी आजी-आजोबांवरून वाद चालू असणार. तीन, आशय. ‘संदेश’ लिहायची सवय कशी मोडायची?

पडद्यामागे:

पहिल्या शंकेसाठी चुका वेगळ्या काढा. घटनेची चूक असेल, म्हणजे नाटकात घडलंच नाही ते लिहिलं असेल, तर ती चूकच. गुण नाहीत. अनुमान ताणलेलं असेल तर ‘कशावरून?’ असं समासात लिहून परत द्यायचं, एकदा सुधारायची संधी. निवाडा तुमच्यापेक्षा वेगळा असेल तर तो त्याचा हक्क. ‘शारदाच पूर्णपणे बरोबर’ हा निवाडा आहे, त्याला जागा आणि जोड असेल तर पूर्ण गुण. फक्त ‘पूर्णपणे’ या शब्दाखाली रेघ मारा आणि उलट बाजूचे दोन गुण तिथे अडवून ठेवा.

उत्तरपत्रिका:

दुसऱ्या शंकेवर: ‘तुमच्या घरी असं घडलं आहे का?’ हा प्रश्न लेखी किंवा तोंडी कधीच विचारू नका. कोणी आपणहून लिहिलं तर त्याला गुण देऊ नका आणि त्याचे गुण कापूही नका. समासात एखादं साधं माणुसकीचं वाक्य लिहा आणि तो कागद वर्गात वाचून दाखवू नका. एकमेकांच्या वह्या तपासायला देणार असाल तर हे आधी बाजूला काढा. चर्चेत एखादी मुलगी अचानक गप्प झाली तर तिला बोलतं करायचा आग्रह नको. तिला वाचनातलं काम द्या, रंगसूचनांचं किंवा शब्द मोजण्याचं.

गावकूस:

आशयाबद्दल दोन युक्त्या आहेत, दोन्ही फळ्यावर करता येतात.

मुलांनी लिहिलेला संदेश घ्या, समजा ‘आईवडिलांना सांभाळावे’. शेवटचं आज्ञार्थी क्रियापद पुसा आणि सांगा, ‘अमुक केलं की काय होतं, असं हे नाटक दाखवतं’ या घाटात बसवा. ‘आईवडिलांना सांभाळलं नाही की...’ इथपर्यंत येऊन वाक्य अडतं, कारण इथे दोन्ही मुलांनी त्यांना ठेवून तर घेतलं होतं. अन्न होतं, छप्पर होतं. मग काय नव्हतं? हा ‘काय नव्हतं’चा शोध म्हणजेच आशय. उत्तरं येतात ती ‘मान’, ‘विश्वास’, ‘ऐकून घेणारं कोणी’ अशी, आणि आता त्या प्रत्येकाला संहितेतली जागा मागता येते. चोरीचा आळ येतो ती जागा ‘विश्वास’वाल्यांना आयतीच मिळते. ‘मान’वाल्यांना जास्त शोधावं लागतं.

दुसरी युक्ती म्हणजे नाव बदलणं. तयार झालेल्या वाक्यातलं ‘नटसम्राट’ पुसून तिथे म्हातारपणावरचं दुसरं कोणतंही नाटक किंवा चित्रपट टाकायचा. वाक्य तसंच चाललं तर ते या नाटकाचं नाही, परत लिहायचं. ‘म्हातारपणी माणूस एकटा पडतो’ हे कुठेही चालतं. ‘ज्याला आयुष्यभर प्रेक्षक होते, त्याला घरातली माणसं कमीच पडतात’ हे सहज दुसरीकडे बसत नाही. एका वाक्याला तीनदा तरी परत पाठवावं लागतं, त्यामुळे यासाठी अख्खा तास ठेवा, शेवटच्या दहा मिनिटांत कोंबू नका.

चौथा तास:

छान. मग १४ तासांची वाटणी अशी करतो: पहिला तास तीन नमुना उत्तरं तपासण्याचा, पुढचे सात तास प्रत्येकी एका प्रसंगाचे, दोन तास चार रकान्यांचे, एक तास भाषेच्या मोजणीचा, एक दोन नटांच्या स्वगताचा, एक आशयाचा आणि शेवटचा तोंडीसाठी. सात प्रसंगांत संपूर्ण नाटक वाचून होत नाही, उरलेलं घरी वाचायचं. ते वाचलं की नाही हे कसं बघायचं?

मागचा बाक:

चाचणी नको, ती पाठ करून होते. प्रत्येक तासाला शिरताना अर्ध्या कागदावर एकच गोष्ट मागा: घरी वाचलेल्या पानांतलं न कळलेलं किंवा न पटलेलं एक वाक्य, पान क्रमांकासह. न वाचता हे लिहिता येत नाही.

उत्तरपत्रिका:

आणि चाळीस कागदांपैकी रोज पाचच वाचा, कोणते पाच ते सांगू नका. तोंडीला मात्र एक तास कमी पडेल. ४५ जण, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे ९० मिनिटं झाली. ज्यांचा वर्गातला कागद आणि घरचा अभिप्राय जुळतो त्यांना तोंडीतून सूट द्या.